फ्रेम निवडताना आधी मोकळी जागा पाहा

सायकलचा जवळपास प्रत्येक भाग नंतर बदलता येतो. टायर झिजतात, चेन ताणते, गिअर जुने होतात, सीट बोचते म्हणून दुसरी आणली जाते, हँडल सोयीचे नसेल तर काढून निराळे लावता येते. फ्रेम मात्र एकदा घेतली की तीच राहते, आणि बाकीचे कोणते भाग त्या सायकलला कधी लागू शकतील हेही तीच ठरवते. तरी सुटे भाग जमवून मनासारखी सायकल बांधायला निघालेले बहुतेक लोक पहिल्यांदा विचारतात ते दोनच प्रश्न : फ्रेम कशाची आहे आणि वजन किती? कार्बन चांगला की टायटॅनियम, ॲल्युमिनियम घ्यावे की स्टील, या चर्चेत बराच वेळ जातो. माझे म्हणणे असे, की एकाच सायकलवर रोज कामाला जायचे असेल, सुट्टीच्या दिवशी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करायची असेल आणि वर्षातून एकदा सामान लादून घाट उतरून कोकणात जायचे असेल, तर धातूचा प्रश्न दुय्यम ठरतो. आधी पाहावी ती फ्रेमने सोडलेली जागा. टायरला किती जागा आहे, मडगार्डला किती, टाचेला किती, आणि पुढे बदलाव्या लागणाऱ्या भागांना किती वाव आहे, यावर फ्रेमचा अष्टपैलूपणा ठरतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सापडतो. १९७० च्या दशकात तिथले काही तरुण डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून उतरण्यासाठी श्विन कंपनीच्या जुन्या सायकली वापरू लागले. या सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, साध्या स्टीलच्या आणि चांगल्याच जड होत्या. या तरुणांपैकी कित्येक जण रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे होते. हलक्या रेसिंग सायकली त्यांच्या घरी होत्याच. पण त्या सायकलींच्या चिमट्यात अरुंद टायरपलीकडे काही बसत नव्हते. श्विनच्या फ्रेममध्ये २६ बाय २.१२५ इंची, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीचे टायर आरामात फिरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांची ‘रिपॅक’ ही शर्यत पहिल्यांदा झाली. मूळच्या हबमधले ब्रेक त्या उतारावर तापून आतले ग्रीस जळून जाई, म्हणून त्यांच्यातल्या गॅरी फिशरने आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या फ्रेमवर ड्रम ब्रेक आणि गिअर चढवले. १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम घडवली आणि माउंटन बाइक आकाराला आली. बनवणाऱ्यांनी कधी कल्पनाही केली नसेल असे काम ती जुनी फ्रेम करू शकली, आणि त्यामागे तिच्या नळ्यांची प्रत नव्हती. चाकाभोवतीची मोकळी जागा तिच्या कामी आली.

आपल्याकडच्या दांडीच्या काळ्या सायकलीनेही हेच दाखवून दिले आहे. सोनीपतच्या ॲटलसने १९५१ पासून आणि लुधियानाच्या हीरोने १९५६ पासून जी सायकल देशभर पोहोचवली, तिची घडण जुन्या इंग्रजी रोडस्टरची. सुमारे ४० मिलिमीटर रुंद टायर, त्यावर पूर्ण मडगार्ड, पुढच्या आणि मागच्या चाकांत ऐसपैस अंतर, आणि मागे लोखंडी कॅरियर. दूधवाल्यांनी तिच्यावर किटल्या वाहिल्या, पोस्टमनने टपाल वाटले, शेतकऱ्याने वैरणीचे भारे आणले, आणि घरातल्या मुलाला पुढच्या नळीवर बसवून शाळेतही सोडले. वजन वीस किलोच्या घरात असूनही ती टिकली, कारण खड्ड्याला, चिखलाला आणि ओझ्याला तिच्यात जागा होती. आज नवी सायकल बांधताना हीच फ्रेम घ्यावी असे मात्र मी म्हणणार नाही. तिचे दांड्यांचे ब्रेक, कॉटर पिनचा क्रँक आणि विशिष्ट मापाची चाके यांमुळे आधुनिक सुटे भाग तिला सहजी लागत नाहीत. म्हणजे जागा असणे जेवढे गरजेचे, तेवढेच ती जागा प्रचलित मापांची असणेही गरजेचे. चांगल्या फ्रेमची परीक्षा करताना या दोन्ही गोष्टी पाहायला हव्यात, आणि त्यासाठी चार कसोट्या आहेत.

पहिली कसोटी टायरची. टायरमधल्या हवेचा छेद रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५ मिलिमीटरच्या टायरऐवजी ३५ मिलिमीटरचा घातला तर हवेची जागा जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे हवेचा दाब कमी ठेवता येतो, खड्ड्यावर रिमला मार बसत नाही, हाताला आणि कंबरेला बसणारे हादरे कमी होतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुधारते. रुंद टायर म्हणजे मंद सायकल, ही समजूत शर्यतींच्या जगातही आता मागे पडली आहे. व्यावसायिक सायकलपटू २३ मिलिमीटरवरून २८ आणि त्याहून रुंद टायरांकडे गेले आहेत. ज्यांच्या फ्रेममध्ये २५ च्या पुढे टायर जात नाही, त्यांना हा बदल स्वीकारायचा तर फ्रेमच बदलावी लागते. माझ्या मते आपल्या रस्त्यांसाठी बांधायच्या सायकलीत मडगार्ड लावल्यावरही ३८ ते ४२ मिलिमीटरचा टायर बसायला हवा. इथे ‘मडगार्ड लावल्यावर’ हे शब्द कळीचे आहेत. कंपनी जो कमाल आकडा सांगते तो अनेकदा मडगार्डशिवायचा असतो, आणि मडगार्ड लावला की तो खाली येतो. ताम्हिणी किंवा वरंध घाटातून पावसाळ्यात जाणाऱ्याला मडगार्ड चैनीची वस्तू वाटणार नाही. मडगार्ड आणि कॅरियरसाठी फ्रेमवर आणि चिमट्यावर आट्यांची भोके आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. ती नसतील तर पुढे पट्ट्या बांधून वेळ मारून न्यावी लागते.

दुसरी कसोटी चाकाची. इथे इंचांतली नावे फसवी आहेत, म्हणून टायरच्या कडेवर छापलेले मिलिमीटरमधले माप वाचावे. आजच्या बहुतेक रोड आणि हायब्रिड सायकलींचे ७००सी चाक ६२२ मापाचे असते, तर आपल्या रोडस्टरचे २८ बाय दीड इंची चाक ६३५ मापाचे. दोन्हींना ‘अठ्ठावीस’ म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्या रिमवर चढत नाही. गावातल्या दुकानात टायर टांगलेला दिसतो आणि आपल्या कामाचा नसतो, तो यामुळे. रिमवर दाबणारे ब्रेक असले की फ्रेम एकाच मापाच्या रिमला बांधली जाते. डिस्क ब्रेक हबपाशी काम करतात, त्यामुळे रिमचे माप बदलण्याची मुभा मिळते. ७००सी चाकावर २८ मिलिमीटरचा टायर असला तर पूर्ण व्यास ६२२ अधिक ५६, म्हणजे ६७८ मिलिमीटर होतो. ६५०बी चाकाचे माप ५८४. त्यावर ४७ मिलिमीटरचा टायर चढवला तर ५८४ अधिक ९४, पुन्हा ६७८. दोन चाकजोड्या बाळगल्या तर डांबरी रस्त्यासाठी एक आणि कच्च्या वाटेसाठी दुसरी वापरता येते, आणि जमिनीपासून पायडलची उंची तीच राहते. अर्थात ४७ मिलिमीटरचा टायर नळ्यांमध्ये मावला तरच हे गणित जमते, आणि त्यासाठी चेन स्टे, म्हणजे क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या, क्रँकच्या मागे पुरेशा बाहेर वळवलेल्या असाव्या लागतात.

तिसरी कसोटी भूमितीची. रेसिंग फ्रेमचा चेन स्टे ४०५ ते ४१० मिलिमीटरचा असतो. चाक नळीला खेटून बसते आणि सायकल चपळ वाटते. पण मागे पिशव्या लावल्या की प्रत्येक फेरीला टाच त्यांवर आपटते. लांबच्या सफरीसाठी बनवलेल्या फ्रेममध्ये हेच अंतर ४५० च्या आसपास जाते. सगळी कामे करणाऱ्या फ्रेमसाठी ४२५ ते ४४५ ही मधली पट्टी योग्य. पुढच्या बाजूला ‘ट्रेल’ पाहावा. हँडलचा आस जमिनीला जिथे टेकेल आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधले हे अंतर. हँडल ज्यात फिरते त्या हेड ट्यूबचा कोन ७२ अंश, चिमट्याचा पुढचा बाक ४५ मिलिमीटर आणि चाकाचा व्यास ६७८ असला तर ट्रेल सुमारे ६३ मिलिमीटर येतो. असे हँडल गर्दीत चटकन वळते आणि उतारावरही थरथरत नाही. शरीराच्या मापासाठी नुसता ५४ किंवा ५६ हा आकडा पुरत नाही, कारण वरची नळी उतरती असली की तो आकडा फसवतो. क्रँकचा आस जिथे बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवे अंतर म्हणजे रीच. हे दोन आकडे आपल्याला नीट बसणाऱ्या सायकलीशी ताडून घ्यावेत. स्टेम बदलून एक-दोन सेंटिमीटरची दुरुस्ती करता येते, पाचची नाही. कमी उंचीच्या व्यक्तीच्या छोट्या फ्रेममध्ये ७००सी चाक कोंबले तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. अशा व्यक्तीने ६५०बी चाकासाठीच आखलेली फ्रेम पाहावी.

चौथी कसोटी भोकांची आणि आट्यांची. सर्वसामान्य ग्राहक तिकडे पाहतच नाही, आणि फ्रेमचे आयुष्य बहुतेक वेळा तिथेच ठरते. बॉटम ब्रॅकेटसाठी ६८ मिलिमीटर रुंदीचे, इंग्रजी म्हणजे बीएसए आट्यांचे घर असेल तर जुन्या चौकोनी टोकाच्या ॲक्सलपासून आजच्या २४ मिलिमीटरच्या पोकळ ॲक्सलपर्यंत सारे काही त्यात बसते. गेल्या वीस वर्षांत अनेक कंपन्यांनी आटे काढून बेअरिंग दाबून बसवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आणल्या. घराचे माप जरा चुकले की त्या करकरतात, आणि प्रत्येक पद्धतीचे भाग वेगळे. शेवटी स्पेशलाइज्डसारख्या कंपनीने २०२० मध्ये आपल्या टारमॅक एसएल७ या अव्वल रेसिंग फ्रेमला पुन्हा आट्यांचा बॉटम ब्रॅकेट दिला. सीटपोस्ट गोल आणि २७.२ मिलिमीटरचा असावा. हेड ट्यूबची आतली मापे ४४ मिलिमीटरची असतील तर योग्य हेडसेट घालून सरळ आणि निमुळते अशा दोन्ही प्रकारच्या दांड्यांचे चिमटे लावता येतात. डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये पुढे १०० बाय १२ आणि मागे १४२ बाय १२ मिलिमीटरचे थ्रू-ॲक्सल आज सर्वत्र मिळतात. मागचा गिअर फ्रेमला जिथे टांगतात त्या हँगरचे आकार शेकड्याने आहेत, म्हणून २०१९ मध्ये स्रॅमने आणलेला सामाईक हँगर असला तर उत्तम. नसला तर फ्रेमसोबतच एक जादा हँगर घेऊन ठेवावा. केबली हेडसेटमधून आत नेणारी फ्रेम दिसायला सुंदर असते, पण साधे बेअरिंग बदलायला ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागू शकतात. ज्याला सायकल वीस वर्षे चालवायची आहे त्याने बाहेरून जाणाऱ्या केबली निवडाव्यात.

या सगळ्या कसोट्या एकत्र पाळल्या तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सर्ली कंपनीची क्रॉस-चेक ही फ्रेम. ती क्रोमोली स्टीलची, देखणेपणाचा बडेजाव नसलेली, आणि दोन दशकांहून अधिक काळ विकली गेली. मागच्या दोन टोकांतले अंतर कंपनीने १३२.५ मिलिमीटर ठेवले. रोड सायकलचा हब १३० चा आणि माउंटन बाइकचा १३५ चा. स्टील अडीच मिलिमीटर इकडे-तिकडे सहज लवते, त्यामुळे दोन्ही बसत. मागच्या चाकाचा आस बसतो ते ड्रॉपआउट आडव्या खाचेचे असल्याने गिअर काढून एकाच गतीची सायकल करायची झाली तरी चेन ताणून घेता येई. टायर ४२ मिलिमीटरपर्यंतचे. एकीची सफरी सायकल झाली, दुसरीची शहरातली, तिसरीची शर्यतीची. तिच्यातली एकही गोष्ट नवलाची नव्हती. कोणत्याही एका कामासाठी तिने दुसऱ्या कामाची वाट अडवली नाही, हेच तिचे मोठेपण.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप वजनाचा. अशी फ्रेम आणि चिमटा मिळून तीन किलोच्या आसपास भरतात. चांगल्या कार्बनचे साधारण निम्मे. हा दीड किलो काही थोडाथोडका नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घाट चढताना आपण फक्त फ्रेम वर नेत नाही. सत्तर किलोचा माणूस, अकरा किलोची सायकल, पाणी आणि पिशव्या मिळून पंचाऐंशी किलो होतात. त्यात दीड किलो म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. तेवढीच ताकद लावली तर तासाभराच्या चढाला साधारण एक मिनिट जादा लागेल. सपाटीवर अडवते ती मुख्यतः हवा, तिथे हा फरक जाणवतही नाही. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरहूनही कमी सरासरी पुरते. तिथे वेळ खातात ती पंक्चर, दुखणारी मान आणि सुन्न झालेली बोटे. या तिन्हींवर रुंद टायर आणि योग्य मापाची फ्रेम हाच इलाज आहे. जे शर्यतीत उतरतात, ज्यांच्यासाठी त्या एका मिनिटात हार-जीत ठरते, त्यांनी हलकी रेसिंग फ्रेमच घ्यावी. त्यांची गरज खरोखर वेगळी आहे.

दुसरा आक्षेप धातूचा : स्टील हादरे शोषते, ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते, मग धातू दुय्यम कसा? स्टीलचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट, आणि घनताही जवळजवळ तिप्पट. म्हणजे वजनाच्या हिशेबाने दोन्ही धातू सारखेच ताठ. टायटॅनियमही त्यांच्या जवळपासच येते. फ्रेम ताठ लागते की लवचीक, हे नळीचा व्यास आणि जाडी यांवर अधिक अवलंबून असते. शिवाय त्रिकोणांनी बांधलेली फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते, टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. धातूंमध्ये खरा फरक आहे तो थकव्याचा आणि दुरुस्तीचा. स्टीलला ठरावीक मर्यादेखालचे ताण कितीही वेळा सोसता येतात, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या चांगल्या फ्रेम मुळातच जास्त भक्कम आखतात. स्टीलची फ्रेम कोणत्याही गावात वेल्डिंग करून मिळते, हे विधानही जपून घ्यावे. चांगल्या नळीची भिंत मध्यभागी मिलिमीटरहूनही पातळ असते. ग्रिल आणि गेट जोडणाऱ्याच्या यंत्राने ती जळू शकते. तिला पितळेचा किंवा चांदीचा डाग देणारा जाणता कारागीर लागतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत स्टील आतून गंजते, तिथे ॲल्युमिनियम अधिक शहाणपणाचे ठरू शकते. म्हणून जागा आणि मापे जमली की मग धातू निवडावा, आणि तो आपल्या हवेला व खिशाला मानवेल असा.

तिसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. सर्व काही करणारी वस्तू कशातच अव्वल नसते, मग दोन सायकली का घेऊ नयेत? आणि सुटे भाग जमवण्यापेक्षा तयार सायकल स्वस्त पडते, त्याचे काय? दुसरा मुद्दा मान्यच करायला हवा. कंपनी हजारोंच्या संख्येने भाग घेते, आपण एकेक घेतो. तेवढ्याच दर्जाची तयार सायकल बहुधा कमी पैशांत मिळते. ज्याला तिच्यातले सर्व भाग तसेच हवे आहेत त्याने ती घ्यावी आणि या चार कसोट्या तिच्या फ्रेमला लावाव्यात. सायकल बांधण्याचा खर्च फिटतो तो काळाच्या हिशेबात : हँडल, गिअर, चाके आपल्या गरजेची, आणि फ्रेम तीच. दोन सायकलींबद्दल सांगायचे तर मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात एक ठेवायलाच जागा काढावी लागते. दोन सायकलींपेक्षा एक फ्रेम आणि दोन चाकजोड्या कमी पैशांत आणि कमी जागेत होतात. शिवाय कोणत्याही एका कामात पहिले येणे हे बहुतेकांचे उद्दिष्ट नसतेच. सायकल दररोज बाहेर निघावी हे असते, आणि ती निघते पाऊस, सामान, वाईट रस्ता यांपैकी एकही सबब उरली नाही तर.

हाच विचार जुन्या फ्रेमलाही लागू पडतो, आणि तिथे मोठी बचत होऊ शकते. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या स्टीलच्या सफरी आणि माउंटन फ्रेममध्ये जागा मुबलक असते, आट्यांचे बॉटम ब्रॅकेट असतात. मागच्या टोकांमधले अंतर १२६ मिलिमीटर असेल तर स्टीलची फ्रेम जाणकाराकडून १३० पर्यंत उघडून घेता येते. ॲल्युमिनियम आणि कार्बनवर हा प्रयोग कधीही करू नये. घेण्यापूर्वी मागच्या एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणावा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे नसेल तर फ्रेम वाकलेली आहे. हेड ट्यूबच्या मागे खालच्या नळीवर रंगाला सुरकुती किंवा फुगवटा दिसला तर समोरून धडक बसलेली असणार. सीटपोस्ट हलतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. तो आत गंजून बसला असेल तर काढताना फ्रेमच निकामी होऊ शकते.

फ्रेम घेणाऱ्याला उद्या आपण कुठे जाणार हे नेमके माहीत नसते. आज शर्यतीचे वेड असलेला तरुण पाच वर्षांनी मुलीला मागच्या सीटवर बसवून बालवाडीत नेईल. आज कार्यालयापुरती सायकल घेणारी बाई उद्या सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव देईल. माणसे बदलतात, रस्ते बदलतात, सुट्या भागांच्या पिढ्या बदलतात. म्हणून दुकानात वजनकाट्याआधी मोजपट्टी मागावी. टायर, टाच, मडगार्ड आणि आटे यांची मापे टिपून घ्यावीत आणि ती पटल्यावरच रंग, नाव आणि धातू यांकडे वळावे. या क्रमाने निवडलेली फ्रेम पहिल्या दिवशी सर्वांत हलकी किंवा वेगवान नसेल, पण दहा वर्षांनी आयुष्याने निराळे काम समोर ठेवले तरी नवी सायकल घ्यावी लागणार नाही. बांधणीच्या सायकलीवर एवढा पैसा आणि कष्ट खर्च करायचे, तर फ्रेमकडून मागावी अशी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.